परिपाठात गप्प उभं राहणारं मूल आणि आपली राज्यघटना

पहिली घंटा झाली की पोरं पटांगणात उंचीनुसार रांगा धरतात. हात लांब करून अंतर घेतात. सावधान, विश्राम, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बातम्या आणि मध्ये कुठेतरी प्रार्थना. प्रार्थनेआधी माईकवरची मुलगी ठरलेल्या सुरात सांगते, "हात जोडा, डोळे मिटा." महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या माणसाला झोपेतून उठवलं तरी हा क्रम म्हणून दाखवता येईल.

मी शिक्षक म्हणून नवा होतो तेव्हाची गोष्ट. पाचवीच्या रांगेत एक मुलगा "हात जोडा" ऐकूनही हात मांडीला चिकटवून उभा राहिला. दंगा नाही, कुजबुज नाही, नजर खाली. मी रांगेच्या मागून गेलो, त्याची दोन्ही मनगटं धरली आणि हात जोडून दिले. थंडीचे दिवस होते, त्याचे तळवे गार पडले होते. मी सोडल्यावर प्रार्थना संपेपर्यंत ते हात मी ठेवले तसेच राहिले. का जोडत नाहीस, एवढंही मी त्याला विचारलं नाही. आपण शिस्त लावली, असं तेव्हा वाटलं होतं. ती शिस्त नव्हती आणि कायद्यानेही मला तसं करता येत नव्हतं, हे कळायला बरीच वर्षं गेली. शिक्षकांच्या कुठल्याच प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नाही. म्हणून इथे जमेल तितक्या सोप्या भाषेत मांडतो.

शाळेतला धर्म आणि शाळेतलं बोलण्याचं स्वातंत्र्य असा विषय निघाला की चर्चा लगेच तापते. कायदा मात्र आधी शांतपणे दोन वेगळे प्रश्न विचारतो. शाळा मुलांशी काय बोलू शकते, हा एक. मूल शाळेत काय बोलू शकतं, किंवा काय न बोलता राहू शकतं, हा दुसरा. शाळा बोलते तेव्हा तिच्या मागे सरकारची सत्ता आणि पैसा असतो, म्हणून तिच्यावर घटनेने बंधनं घातली. मुलाच्या मागे कुणीच नसतं, म्हणून त्याला संरक्षण दिलं. आपले बहुतेक वाद चिघळतात ते हे दोन आवाज एकत्र कालवल्यामुळे.

शाळेच्या आवाजाबद्दलचं कलम आहे 28. त्याचा पहिला भाग सांगतो की जी शिक्षणसंस्था पूर्णपणे सरकारी पैशावर चालते तिथे कोणतंही धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा, महापालिकेच्या शाळा, केंद्रीय विद्यालयं, नवोदय विद्यालयं यात येतात. दुसरा भाग हा अपवाद आहे: एखाद्या दानपत्राने किंवा न्यासाने स्थापन केलेली संस्था असेल, त्या न्यासाचीच धार्मिक शिक्षणाची अट असेल आणि आता ती चालवायला सरकारकडे असेल, तर तिला ही बंदी लागू नाही. अशा संस्था थोड्या, म्हणून त्यांच्यात अडकू नये. रोजच्या कामाचा आहे तो तिसरा भाग. सरकारने मान्यता दिलेल्या किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या कोणत्याही संस्थेत शिकणाऱ्या व्यक्तीला धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा धार्मिक उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. तिची स्वतःची संमती असेल तरच ते चालतं आणि ती अज्ञान असेल, म्हणजे अठरा वर्षांखालची असेल, तर पालकाची संमती लागते.

नुसती 'मान्यता' असली तरी पुरे, हे नीट लक्षात घ्या. म्हणजे संस्थेची खाजगी अनुदानित शाळा आली, विनाअनुदानित आली, कॉन्व्हेंट आलं, अल्पसंख्याक ट्रस्टची शाळा आली. अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क कलम 30 देतं, तिथे त्यांच्या धर्माचं शिक्षण देता येतं. पण तिथे शिकणाऱ्या दुसऱ्या धर्माच्या मुलाला चॅपलमध्ये किंवा नमाजाला बसवायचं तर पालकाने हो म्हटलेलं असलं पाहिजे. तसंच संस्थेच्या शाळेत रोज अथर्वशीर्ष होत असेल, तर ते म्हणायला ख्रिस्ती, बौद्ध किंवा नास्तिक घरातल्या मुलाला बांधता येत नाही. नियम सगळ्यांना एकच आहे आणि तो मला फार न्याय्य वाटतो.

'धार्मिक शिक्षण' म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न घटना समितीतच विचारला गेला होता. 7 डिसेंबर 1948 रोजी या कलमावर चर्चा चालू असताना एका सदस्याने विचारलं, संस्कृत पाठशाळांत वेद, उपनिषदं शिकवतात, त्यांचं काय? डॉ. आंबेडकरांच्या उत्तराचा आशय असा: धार्मिक शिक्षण वेगळं आणि अभ्यास किंवा संशोधन वेगळं. अमुक एका देवावर, अमुक एका प्रेषितावर विश्वास ठेव, असं सांगणं म्हणजे धार्मिक शिक्षण. धर्माचा अभ्यास करणं ही निराळीच गोष्ट. त्याच चर्चेत त्यांनी व्यावहारिक अडचणही मांडली होती. या देशात इतके धर्म, इतके पंथ, आणि शाळेच्या कराचा पैसा सगळ्यांचा. मग सरकारने शिकवायचा तरी कुणाचा धर्म?

हीच रेषा पुढे न्यायालयांनी ओढत नेली. गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा अभ्यास विद्यापीठाने ठेवला म्हणून ते धार्मिक शिक्षण होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये डी. ए. व्ही. कॉलेजच्या खटल्यात म्हटलं. शालेय अभ्यासक्रमात वेगवेगळ्या धर्मांची ओळख करून द्यायला हरकत नाही, हे 2002 मध्ये अरुणा रॉय यांच्या याचिकेवरच्या निकालात आलं. तेव्हा इतिहासाच्या तासाला बाईंनी पैगंबरांचं, महावीरांचं किंवा वारकरी संतांचं चरित्र समजावून सांगितलं तर कुणी दचकायचं कारण नाही. उलट ते नीट शिकवलं गेलं पाहिजे. शेजारच्या घरात रोजा का धरतात हे ज्या मुलाला माहीत नाही, त्याला कुणीही काहीही पटवू शकतं.

आता प्रार्थना. ही जागा खरोखरच अवघड आहे. पूर्ण सरकारी शाळेला पहिल्या भागाने मनाई आहे ती धार्मिक 'शिक्षणाची', 'उपासना' हा शब्द तिथे नाही. तो तिसऱ्या भागात येतो. मग सरकारी शाळेत रोज म्हटलेली संस्कृत प्रार्थना ही धार्मिक शिक्षण ठरते का? केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेवर हाच आक्षेप घेणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. सरकारची बाजू अशी होती की 'असतो मा सद्गमय' हे सार्वत्रिक सत्य आहे, ते उपनिषदातून आलं म्हणून धार्मिक होत नाही, आणि खुद्द सर्वोच्च न्यायालयाचं बोधवाक्य महाभारतातलं आहे. जानेवारी 2019 मध्ये दोन न्यायमूर्तींनी हा प्रश्न घटनापीठाने, म्हणजे किमान पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, ऐकण्याइतका महत्त्वाचा आहे असं म्हणून पुढे पाठवला.

माझं मत विचाराल तर असत्याकडून सत्याकडे ने, ही मागणी कुणालाही करता यावी इतकी मोठी आहे. पण ती मागण्यासाठी हात कसे धरायचे आणि डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे, हे ज्याचं त्याने ठरवावं. प्रार्थनेच्या शब्दांवर वर्षानुवर्षं वाद घालता येईल. ती म्हणायची सक्ती आहे का, हा प्रश्न मात्र लगेच सुटतो, कारण त्याचं उत्तर निकालांत आलेलं आहे.

त्यातला एक निकाल आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. नाशिकच्या एका शाळेतले शिक्षक परिपाठाला हजर राहत, प्रार्थनेला उभेही राहत, पण हात जोडत नसत. शाळेने हा बेशिस्तीचा प्रकार ठरवला आणि त्यांची वाढीव वेतनश्रेणी अडवून धरली. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. 2013 मध्ये न्यायालयाने सांगितलं की प्रार्थनेच्या वेळी हात जोडायची सक्ती करणं हा मूलभूत हक्कांचा भंग आहे. नोकरी करणाऱ्या प्रौढ माणसाला वेतनश्रेणीसाठी हायकोर्टाची पायरी चढावी लागली. पाचवीतल्या मुलाने काय करायचं? ही बातमी वाचली त्या दिवशी मला ती गार मनगटं आठवली.

पण या विषयाचा कणा म्हणावा असा निकाल त्याहून जुना आहे आणि तो तीन मुलांनी मिळवलेला आहे. केरळच्या कोट्टायम जिल्ह्यातलं किडंगूर गाव, साल 1985. बिजो, बिनू मोल आणि बिंदू ही भावंडं अनुक्रमे दहावी, नववी आणि पाचवीत होती. घर यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचं. आपल्या देवाखेरीज कशाचंही स्तवन गायचं नाही, अशी या पंथाची श्रद्धा. म्हणून परिपाठात राष्ट्रगीत सुरू झालं की ही मुलं आदराने उभी राहत, पण गात नसत. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाची तक्रार नव्हती. मग एका आमदाराच्या हे लक्षात आलं, विधानसभेत प्रश्न निघाला, चौकशी बसली. चौकशीचा अहवाल असा आला की मुलं कायदा पाळणारी आहेत, राष्ट्रगीताचा अनादर त्यांनी कधी केलेला नाही. तरीही शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने सांगितल्यावरून मुख्याध्यापिकेने 26 जुलै 1985 रोजी तिघांना शाळेतून काढलं. वडील विनवायला गेले, सरकारचा आदेश येईपर्यंत तरी पोरांना बसू द्या म्हणाले. माझ्या हातात काही नाही, असं मुख्याध्यापिकेने त्यांना सांगितलं.

केरळ उच्च न्यायालयाने राष्ट्रगीताचे शब्द तपासले. यात कुणाच्या धर्मभावनेला धक्का लागेल असं काही नाही, असं म्हणून त्याने याचिका फेटाळली. आपल्यापैकी बहुतेकांनी असाच विचार केला असता. राष्ट्रगीतात न गाण्यासारखं आहे काय? सर्वोच्च न्यायालयात न्या. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. दत्त यांनी 11 ऑगस्ट 1986 रोजी सांगितलं की विचारायचा प्रश्न हा नाहीच. ती श्रद्धा आपल्या बुद्धीला पटते का, भावनेला रुचते का, हे न्यायालयाने बघायचं नसतं. ती श्रद्धा प्रामाणिक आहे का आणि मनापासून धरलेली आहे का, एवढंच बघायचं.

मग त्यांनी कायद्याचा हिशेब मांडला. कलम 19 नागरिकाला बोलण्याचं स्वातंत्र्य देतं. ते कमी करायचं तर रीतसर केलेला कायदा लागतो आणि तोही घटनेने मोजून दिलेल्या कारणांसाठीच. राष्ट्रगीत गायलाच हवं असं सांगणारा कायदा आहे का? नाही. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानाबद्दलचा 1971 चा कायदा राष्ट्रगीत गाणाऱ्यांना अडवणाऱ्याला किंवा गाणाऱ्या जमावात गोंधळ घालणाऱ्याला शिक्षा करतो. ही मुलं तर स्तब्ध उभी होती. मग उरलं काय, तर खात्याची परिपत्रकं, आणि परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. कलम 25 सदसद्विवेकाचं आणि धर्माचं स्वातंत्र्य देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क या त्याच्या मर्यादा. गप्प उभ्या असलेल्या तीन मुलांनी यातलं काय ओलांडलं? न्यायालयाने मुलांना परत घ्यायला आणि त्यांच्या शिक्षणात अडथळा येऊ न द्यायला सांगितलं. निकालाच्या शेवटी न्या. रेड्डींनी लिहिलं आहे की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान सहिष्णुतेचा उपदेश करतं, आपली राज्यघटना सहिष्णुता आचरणात आणते, तिच्यात आपण पाणी घालू नये.

आपल्याकडच्या या निकालात अमेरिकेतल्या एका खटल्याचा दाखला आहे. पंथ तोच. तिथल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात शाळेत झेंड्याला वंदन करणं सक्तीचं होतं. अशी सक्ती चालेल, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1940 मध्ये म्हटलं होतं. तीनच वर्षांत, 14 जून 1943 रोजी, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, त्याच न्यायालयाने आपलाच निर्णय फिरवला आणि मुलाकडून वंदन किंवा शपथ वदवून घेता येणार नाही असं ठरवलं. देशभक्तीचा पारा सर्वांत वर असतो त्या काळात हे झालं, म्हणून मला त्याचं मोल जास्त वाटतं.

बोलण्याच्या हक्कात न बोलण्याचाही हक्क आहे, हे या दोन्ही निकालांचं सार. शिक्षकाला ते पचायला जड जातं, कारण वर्गात गप्प बसलेलं मूल आपल्याला एक तर अभ्यास न केलेलं वाटतं, नाही तर उद्धट. पण आदराने उभं राहून ओठ मिटून घेणं ही सुद्धा मुलाची अभिव्यक्ती आहे. ते दुसऱ्याला अडवत नाही, माईक हिसकावत नाही, शेजाऱ्याला चिमटा काढत नाही.

एवढं स्पष्ट असताना हिजाबच्या प्रकरणात गुंता का झाला? कर्नाटकातल्या उडुपीच्या सरकारी पदवीपूर्व कॉलेजात हिजाब घालून वर्गात बसण्यावरून वाद पेटला. 5 फेब्रुवारी 2022 रोजी कर्नाटक सरकारने गणवेशाबद्दल आदेश काढला आणि 15 मार्चला तिथल्या उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्याने कसोटी वेगळी लावली: हिजाब ही इस्लामची 'अत्यावश्यक धार्मिक प्रथा' आहे का? नाही, असं उत्तर देऊन पुढे गणवेश ही वाजवी मर्यादा ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा 13 ऑक्टोबर 2022 रोजी दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल आले. न्या. हेमंत गुप्तांनी सरकारचा आदेश योग्य ठरवला. न्या. सुधांशू धुलियांनी तो रद्द करावा असं लिहिलं. हा त्या मुलीच्या निवडीचा प्रश्न आहे, आणि किडंगूरच्या मुलांचा निकाल इथेही लागू पडतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रश्न मोठ्या पीठाची वाट बघत राहिला. आपल्याकडे चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाब, टोपी, बॅज अशा गोष्टींवर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये विद्यार्थिनींची याचिका फेटाळली, पण ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. कुंकू-टिळा लावणाऱ्यालाही अडवणार का, असं न्यायमूर्तींनी कॉलेजला विचारलं. नावावरूनही धर्म कळतोच, हेही त्यांनी दाखवून दिलं.

दोन कसोट्यांमधला फरक असा बघा. एका कसोटीत न्यायाधीश धर्मग्रंथ उघडतात आणि ही प्रथा धर्माला किती लागते ते ठरवतात. दुसरीत ते त्या मुलीकडे बघतात आणि तिचा विश्वास खरा आहे का ते विचारतात. मला दुसरी बरी वाटते. ग्रंथाचा अर्थ लावायला शास्त्री-मौलवी आहेत, न्यायालयासमोर तर ती मुलगी उभी आहे. गणवेशाच्या बाजूने मांडलेल्या मुद्द्यातही तथ्य आहे, हे नाकारत नाही. वर्गात श्रीमंत-गरीब, उच्च-नीच दिसू नये म्हणूनच गणवेश आला. पण त्या समतेसाठी एखादी मुलगी फाटकाबाहेर राहणार असेल, तर गणवेशाने कमावलं काय?

जाता जाता आषाढीबद्दल लिहितो, कारण शाळांमधून हा प्रश्न हमखास येतो. एकादशीच्या आदल्या दिवशी छोटी पोरं विठ्ठल-रखुमाई होऊन येतात, कुणाच्या डोक्यावर प्लास्टिकचं तुळशी वृंदावन, कुणाच्या गळ्यात पुठ्ठ्याची वीणा, फुगडीत धोतरं सुटतात आणि बाई पिना लावत फिरतात. हे धार्मिक शिक्षण आहे का? मला ते आपल्या मातीचं वाटतं आणि ते बंद व्हावं असं मुळीच वाटत नाही. पण दिंडीत न चालणाऱ्या मुलाला सरांनी हजेरीत 'गैरहजर' लिहिलं, किंवा चाचणीचे तोंडी गुण त्यावर ठेवले, की तीच दिंडी सक्ती होते.

आणखी एक गोष्ट, जी किडंगूरच्या वेळी नव्हती. शिक्षण हक्क कायदा 2009 सांगतो की प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. त्याच कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं. म्हणजे आज पाचवीतल्या बिंदूला काढताच आलं नसतं. नववी-दहावीतल्या तिच्या भावंडांना हे कवच मात्र मिळालं नसतं. ती तिघं निकाल लागेपर्यंत वर्षभराहून जास्त अडकून राहिली आणि त्यातला एक दहावीचा होता. दहावीचं वर्ष म्हणजे काय, हे मराठी घरात वेगळं सांगायला नको.

म्हणून माझा भर न्यायालयापेक्षा शाळेच्या कचेरीवर आहे. कलम 28 नीट वाचलं तर दिसतं की आधी संमती, मग सहभाग. आपण ते उलटं चालवतो: सगळे सामील, तक्रार येईपर्यंत. मी भरून घेतलेल्या प्रवेश अर्जांत धर्माचा रकाना होता, जातीचा होता, मातृभाषेचा होता. प्रार्थनेबद्दल पालकाची संमती विचारणारा रकाना मी कधी पाहिला नाही. मी मुख्याध्यापक झालो तेव्हा माईकवरची सूचना बदलून "शांत उभे राहा" केली. बहुतेक मुलांनी आपणहून हात जोडले. काहींनी नाही जोडले. परिपाठ वेळेतच संपला.

ज्या पालकांना आपल्या मुलावर प्रार्थनेची सक्ती नको आहे त्यांनी भांडायला जाऊ नये, वकिलाची नोटीस पाठवू नये. साध्या कागदावर अर्ज करावा, आवक क्रमांक टाकून पोच घ्यावी. मजकूर इतकाच पुरे: "माझा पाल्य, इयत्ता व तुकडी अमुक, परिपाठाला रोज वेळेवर हजर राहील व शिस्तीने उभा राहील. राज्यघटनेच्या कलम 28(3) नुसार धार्मिक प्रार्थना म्हणण्यास अथवा हात जोडण्यास माझी संमती नाही. याबद्दल त्याला वर्गासमोर विचारणा करू नये, काही विचारायचे असल्यास मला बोलवावे. कळावे."